विमानावर गेलेलं पाणी

आवडाबाईला विमानांचं कौतुक कधीच नव्हतं. टाकळवाडीवरून विमानं अधूनमधून जायची, बहुतेक जोडीनं, आणि त्यांच्या आवाजानं म्हैस दूध चोरायची. बाकीचं गाव हातातलं काम टाकून माना वर करायचं. आवडाबाई करायची नाही. एक तर तिला फुरसत नव्हती, आणि दुसरं म्हणजे वर बघून कुणाचं काय भलं झालंय, हे तिला साठी ओलांडली तरी कळलेलं नव्हतं.

त्या मार्चमधल्या दुपारी ती शेततळ्याच्या बांधावर लिंबाच्या सावलीत भाकरी खात बसली होती. शेजारी तिचा मुलगा सत्यम मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. सत्यम वाळूजला कंपनीत होता. बायको आणि लेकीला घेऊन शहरात भाड्यानं राहायचा, आणि सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल काढून गावाकडं यायचा. आला की मायलेकरांचं एकाच विषयावरून वाजायचं, आणि तो विषय त्या क्षणीही तारेच्या कुंपणाआड दोघांच्या समोर निळाशार पसरलेला होता.

शेततळं तात्यासाहेबांनी खोदलेलं. तात्यासाहेब म्हणजे आवडाबाईचे मालक. त्यांनी आधी मोसंबी लावली, मग मोसंबी जगवायला तळं खोदलं, तळ्यात जाड प्लास्टिकचा कागद अंथरून घेतला, आणि तळं पहिल्यांदा काठोकाठ भरलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात करोनानं आजारी पडून शहरातल्या दवाखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत. त्यानंतर बाग आवडाबाईनं एकटीनं ओढली. सत्यमचं म्हणणं, किती दिवस ओढणार? जमीन रस्त्याला लागून होती, प्लॉटिंगवाल्यांचे फोन सुरू होते. विकून टाकू, माय शहरात येईल, नातीसोबत राहील. आवडाबाईचं म्हणणं एका शब्दाचं होतं आणि तो शब्द ‘नाय’ हा होता.

भांडून भांडून दोघंही बेजार झाले, तेव्हा दिवाळीत त्यांनी एक तोड काढली. येता उन्हाळा झाडं हिरवी राहिली, तर सत्यमनं विकण्याचं नाव काढायचं नाही. वाळली, तर आवडाबाईनं गुमान सही करायची. तेव्हापासून ती तळ्यातल्या पाण्याला तिजोरीसारखी जपत होती. कुंपणाच्या फाटकाला कुलूप, किल्ली कमरेला. झाडांवर बोराएवढाली फळं धरली होती, विहिरीनं फेब्रुवारीतच मान टाकली होती, आणि पावसाला अजून अख्खा उन्हाळा बाकी होता. जे काही होतं ते त्या तळ्यात होतं.

आवाज आला तो नेहमीचा नव्हता. आधी खरखर, मग काहीतरी फुटल्यासारखा दणका. सत्यम ताडकन उठला.

“माय, ते बघ.”

त्या दिवशी आवडाबाईनं मान वर केली. विमान डोंगराकडून आलं ते फार खाली होतं आणि त्याच्या मागं काळा धूर होता. त्यातून काहीतरी उसळून बाहेर पडलं आणि त्याची छत्री उघडली. विमान तसंच पुढं आलं, कडुबाच्या गव्हात आडवं झालं, आणि पायाखालची जमीन हलली. भाकरी कुठं पडली ते आवडाबाईला कळलं नाही. मग कडुबाच्या रानात घरापेक्षा उंच जाळ उभा राहिला.

कडुबा हा तात्यासाहेबांचा चुलतभाऊ, बांधाला बांध लागून असलेला. त्याचा गहू उद्या-परवा कापायचा होता, हार्वेस्टरवाल्याला सांगून ठेवलेलं होतं.

गाव धावलं. गावाची ही एक गोष्ट चांगली आहे, आग म्हटली की कुणी आधी सातबारा विचारत बसत नाही. बादल्या आल्या, घागरी आल्या, दुधाचे कॅन आले. कडुबानं स्वतः फवारणीचा ट्रॅक्टर आणला, टाकीतलं औषध ओतून देऊन पाणी भरलं आणि जाळावर धार धरली. इथंच चूक झाली. विमानातलं तेल पाण्यावर तरंगलं, पाण्याबरोबर सरीतून वाहत निघालं, आणि जिथं पाणी जाईल तिथं आगही जाऊ लागली. जो गहू वाचवायला कडुबा पाणी मारत होता, त्याच गव्हाला त्यानं आपल्या हातानं आग नेऊन दिली. त्याला ते समजलं तेव्हा तो ट्रॅक्टरवरून उतरला आणि बांधावर मटकन बसला.

छत्रीतून उतरलेला वैमानिक कांद्याच्या रानात सापडला. तोंडातून रक्त येत होतं, पण शुद्धीवर होता. त्याला जीपमध्ये घालून लगेच शहराकडं धाडलं, हे एक काम गावानं शहाणपणानं केलं. मात्र जीपमध्ये घालताना तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, आणि ते कडुबानं ऐकलं होतं.

“दुसरा कुठंय म्हणत व्हता,” कडुबा ज्याला त्याला सांगू लागला. “दोघं व्हते म्हनं. दुसरा मागं बसलेला व्हता.”

आभाळात छत्री एकच दिसली होती. सगळ्यांनी त्या जाळाकडं बघितलं.

शहरातून अग्निशामक दलाची गाडी निघाल्याचा फोन आला, पण गाडी काही येईना. येणार कुठून? सिल्लोडपासून खुलताबादपर्यंत ज्याच्या बुडाखाली मोटरसायकल होती, तो प्रत्येक जण विमान बघायला निघाला होता. टाकळवाडीचा रस्ता एका बैलगाडीचा. त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या, मध्ये माणसं, माणसांच्या खांद्यावर लेकरं, प्रत्येकाचा हात वर आणि हातात मोबाइल. एक बर्फगोळेवाला गाडा घेऊन आला आणि त्याचा धंदाही झाला. विमानतळावरून मोठी फेसाची गाडी निघाली होती, ती हर्सूल सोडल्यावर या जत्रेत रुतून बसली. शेवटी पहिली गाडी आली ती पुढं चार पोरं मोटरसायकली उचलून बाजूला टाकत आहेत, अशी.

गाडीवरचे साहेब खाली उतरले. सुदर्शन त्यांचं नाव. पन्नाशीचे असतील, डोळे आधीच लाल होते, कारण सकाळी एका कापसाच्या गोदामाची आग विझवून ते तसेच इकडं निघाले होते. डब्यातलं जेवण डब्यातच होतं. त्यांनी जाळाकडं बघितलं, वाहत गेलेल्या तेलाकडं बघितलं, कडुबाकडं बघितलं आणि त्याला एक शब्दही बोलले नाहीत. याबद्दल आवडाबाईला तो माणूस पहिल्याच भेटीत बरा वाटला.

त्यांच्या माणसांनी जाळावर फेस मारायला सुरुवात केली. साबणासारखा पांढरा फेस जाळावर चढला, जाळ दबला, धूर काळ्याचा राखाडी झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग नळीतून आधी फेस, मग हवा, मग काहीच येईना.

“फेसाचे कॅन आहेत अजून,” सुदर्शन म्हणाले. “पण फेस पाण्यात कालवावा लागतो. पाणी संपलं. इथं पाणी कुठंय?”

टाकळवाडीत मार्चमध्ये पाणी कुठं आहे हे शेंबड्या पोराला माहीत होतं, पण ते नाव घ्यायला जीभ रेटेना. विहिरी तळाला गेलेल्या. शेवटी सगळ्यांचे डोळे फिरत फिरत एकाच बाजूला गेले. आवडाबाईनं पदराआड कमरेची किल्ली मुठीत धरली.

सुदर्शन तिच्यासमोर येऊन उभे राहिले. “मावशी, तळं तुमचं?”

“व्हय.”

“पाणी लागेल.”

“किती?”

“सगळंही लागू शकतं. खोटं कामून बोलू?”

ती सत्यमकडं बघत नव्हती, पण तो तिच्याकडं बघतोय हे तिला कळत होतं. वर्षभराचं भांडण अशा रीतीनं संपणार असेल, तर संपवणारीही तीच असणार होती. तिला राग आला. विमानाचा आला, कडुबाच्या ट्रॅक्टरचा आला, बर्फगोळेवाल्याचाही आला. अख्ख्या जगात पडायला जागा होती आणि ते इथं येऊन पडलं होतं.

“साहेब,” ती म्हणाली, “आत जो हाय तो जिता आसंल?”

सुदर्शननी डोक्यावरचं हेल्मेट काढलं. “नाही वाटत, मावशी. इतका वेळ झाला. पण आग पूर्ण विझल्याशिवाय आम्हाला आत हात घालता येत नाही. आणि जितका उशीर, तितकं...” ते थांबले. “घरच्यांना द्यायला काहीतरी मिळालं पाहिजे ना.”

आवडाबाईला दवाखान्याचं मागचं फाटक आठवलं. त्या फाटकाबाहेर ती एक दिवस आणि एक रात्र बसली होती. पहाटे एका माणसानं येऊन सांगितलं की बाई, घरी जा, तुमच्या माणसाचं आम्ही उरकून टाकलं. तोंड बघायला मिळालं नाही. पिशवीतलं का होईना, दुरून का होईना, काहीच बघायला मिळालं नाही. अजूनही कधी भर दुपारी बागेत झाडामागं काही हललं की तिला वाटायचं, तात्यासाहेबच असतील, आणि त्या वाटण्याची तिला स्वतःलाच चीड यायची. माणूस गेला हे कळायला डोळ्यांना पुरावा लागतो. तो तिला कुणी दिला नव्हता.

या जाळातल्या पोराची आई कुठं असेल कोण जाणे. लांबच्या कुठल्यातरी मुलखात असेल, तिला अजून फोनही गेला नसेल.

आवडाबाईनं किल्ली काढून सुदर्शनच्या हातावर ठेवली आणि पाठ फिरवून लिंबाखाली जाऊन उभी राहिली.

गाडी तळ्याला लावली. दलाच्या पोरांनी जाडजूड पाइप उलगडला. त्याच्या तोंडाला भलीमोठी लोखंडी जाळी होती, आणि ते ती उचलून तळ्यात भिरकावणार, तेवढ्यात सत्यम ओरडला.

“टाकू नका! कागद फाटंल!”

शहरातल्या पोरांना हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी विहिरीतून, नदीतून, हौदातून पाणी ओढलेलं. शेततळ्याचं सगळं पाणी एका प्लास्टिकच्या कागदावर उभं असतं. त्याला टोकदार खडा लागला तरी पाणी गुपचूप जमिनीत निघून जातं. तळ्याकाठी चप्पल घालून जायलासुद्धा आवडाबाई बंदी करायची. इथं मणभर लोखंड आत पडणार होतं. तिचा जीव वर गेला.

सत्यमनं मोबाइल काढून बांधावर ठेवला आणि कपड्यांसकट तळ्यात उतरला. तिथं एक ट्रकची ट्यूब कायम तरंगती ठेवलेली असते, कुणी बुडालं तर धरायला. त्यानं ती ओढली, जाळी तिच्यावर दोरीनं बांधली. पण पंप सुरू झाला तसा पाइप झटके देऊ लागला आणि ट्यूब एका अंगाला कलंडू लागली. मग त्यानं पाइप खांद्यावर घेतला. छातीभर पाण्यात, घसरत्या कागदावर पाय रोवून, तो तसाच उभा राहिला.

“सोड, पोरा, बांधून बघू,” काठावरून कुणीतरी म्हणालं.

“बांधून ऱ्हात नाय. चालू द्या तुमचं.”

आवडाबाई लिंबाखालून ते बघत होती. ज्याला हे तळं नको होतं, तो तळ्याचा कागद वाचवायला पाण्यात उभा होता.

पुढची दुपार लांबच लांब गेली. आग विझायची, टाळ्या व्हायच्या, मग कुठल्यातरी पत्र्याखाली उरलेलं तेल पुन्हा भडकायचं आणि पुन्हा फेस, पुन्हा पाणी. दलाची माणसं आळीपाळीनं नळी धरायची. ज्याची पाळी संपायची तो बांधावर येऊन आडवा व्हायचा, आणि आवडाबाई त्याच्या ओंजळीत तांब्यानं पाणी ओतायची. गहू तर राहिलाच नाही. कडुबा जळक्या रानाच्या कडेनं फावड्यानं माती ओढत होता, आग तिच्या बागेकडं सरकू नये म्हणून. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा तो पाणी प्यायला आला तेव्हा त्याच्या भुवया जळालेल्या होत्या.

“वहिनी, म्या पाणी मारायला नव्हतं पाहिजे.”

“तुला काय ठाऊक ते विमान हाय का वैरण हाय. पी पाणी.”

तळ्यातलं पाणी सत्यमच्या छातीवरून कमरेला आलं, कमरेवरून मांडीला. निळा कागद उघडा पडत गेला आणि त्यावर पाण्याच्या जुन्या रेषा दिसू लागल्या. आवडाबाईला त्या पाठ होत्या. ही संक्रांतीची, ही महाशिवरात्रीची. महिनोन् महिने तिनं थेंब थेंब मोजून जे राखलं होतं, ते एका दुपारी सत्यमच्या खांद्यावरून जात होतं. तिला रडू आलं, ते तिनं पदरानं पुसलं, आणि धुराचं निमित्त आयतंच होतं.

ऊन उतरलं तेव्हा आग विझली. खरोखरची विझली. मोठी फेसाची गाडीही तोवर पोचली होती, आणि उरलंसुरलं तिनं दाबून टाकलं. गर्दीला आता बघायला फक्त काळं रान आणि वाकडे पत्रे होते, त्यामुळं तीही पातळ होऊ लागली. सुदर्शन दोन माणसं घेऊन आत गेले. गावातल्या काही म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. आवडाबाईनं घरून धुतलेली पांढरी चादर मागवून घेतली होती, ती छातीशी धरून ती पुढं जाऊन थांबली. तिला बघायचं नव्हतं. पण कुणीतरी बघायला हवं होतं.

बऱ्याच वेळानं सुदर्शन बाहेर आले. त्यांच्या तोंडावर काय आहे ते तिला ओळखता येईना.

“मावशी,” ते म्हणाले, “आत कुणी नाही.”

“म्हंजे? काहीच ऱ्हायलं नाय?”

“तसं नाही. खुर्च्याच नाहीत. असल्या विमानातून माणूस खुर्चीसकट बाहेर फेकला जातो, आणि दोन्ही खुर्च्या उडाल्यात. दोघंही बाहेर पडलेत. तो दुसरा आधीच कुठंतरी पडला असणार, डोंगराच्या पलीकडं.”

आणि नेमका त्याच वेळी कडुबाच्या खिशात मोबाइल वाजला. खुलताबादला जीप चालवणारा त्याचा एक ओळखीचा होता, त्याचं बोलणं रेकॉर्ड होऊन आलं होतं. कडुबानं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं लावलं.

“अरे कडुबा भाई, तुमारे गाँव में ईमान गिरा बोले. उसका एक साब इधर है ना, वाडी में उतरा था. चाय पिया, बट्टी खाया, पाँव बंधवाया. वाडी में रेंज नै थी. अब मैं उसकू खुलताबाद के दवाखाने में लाया. एकदम ठीक है. फोटू भेजा, देखो.”

फोटो आला. डोंगरापलीकडच्या वाडीत त्या दिवशी भंडारा होता. वर्गणी देणाऱ्यांचा सत्कार करायला फेटे, शाली आणि नारळ आणून ठेवलेले होते. अशा ऐन वेळी आभाळातून लष्करातला माणूस उतरल्यावर वाडीनं जे केलं, ते कुठल्याही वाडीनं केलं असतं. पाय मुरगळला होता, तो हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून बांधला. मग त्याला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला, पंगतीत पहिल्या पाटावर बसवून वरण-बट्टी वाढली. जेवल्याशिवाय पाहुण्याला उठू देतात कुठं? आणि कळवायचं म्हणाल, तर वाडीला वाटलं पलीकडच्यांनी कळवलंच असेल, त्यांच्याकडं विमान आहे.

फोटोत तो पोरगा खुर्चीवर बसला होता. भगवा फेटा, हातात नारळ, बांधलेला पाय पुढं लांबवलेला. एका बाजूला सरपंच, दुसऱ्या बाजूला आणखी कुणी, दोघंही हसत होते. पोरगा हसत नव्हता. तोंड पांढरंफटक होतं आणि डोळे कुठंतरी लांब लागलेले होते.

“म्हंजे,” कडुबा हळूहळू म्हणाला, “ह्यो तिकडं बट्ट्या खात व्हता, आन् आपण इथं...” कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, दमलेली माणसं हसतात तसे, पोट धरून आणि नाइलाजानं. दलाचा एक जण हसता हसता खाली बसला तो उठलाच नाही.

सुदर्शन मात्र हसले नाहीत. ते तळ्याकडं बघत होते. “मावशी, तुमचं पाणी...”

“दावा तो फोटू,” आवडाबाई म्हणाली.

तिनं मोबाइल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. आधी राग आला तो खराच आला. एका फोनचं काम होतं. एवढ्या मोठ्या वाडीत एकालाही डोंगरावर चढून फोन करायचं सुचलं नाही. तिचं अख्खं तळं गेलं ते एका रिकाम्या लोखंडावर गेलं. पण ती फोटो बघत राहिली आणि रागाला धरायला काही सापडेना. पोरगं सत्यमपेक्षाही लहान दिसत होतं. त्याला नाक होतं, डोळे होते, तोंड होतं. त्याच्या आईला ते सगळं जसंच्या तसं मिळणार होतं.

“ह्या लोकांनी त्याला निजू द्यायचं व्हतं,” ती म्हणाली. “फेटा कशाला बांधला? डोकं दुखत आसंल त्याचं.” मग तिनं मोबाइल परत दिला, आणि छातीशी धरलेली चादर नीट घडी घालून काखेत घेतली.

अंधार पडायच्या आत गाड्या निघाल्या. विमानाभोवती बंदूकवाले जवान उभे राहिले, बाकी गाव आपापल्या घरी गेलं. सुदर्शन निघताना तिच्या पाया पडायला वाकले, तर तिनं त्यांना अर्ध्यातच धरलं आणि विचारलं की डबा खाल्ला का. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. तो डबा आता नासला असेल, असं ती म्हणाली, आणि घरातल्या दोन भाकऱ्या आणि ठेचा कागदात बांधून दिला.

मग ती तळ्यावर आली. सत्यम काठावर बसून होता, ओल्याच कपड्यांनी. शर्ट खांद्यावर फाटला होता आणि खालचं कातडं सोलून लाल झालं होतं. तळाच्या एका कोपऱ्यात गुडघाभर पाणी उरलं होतं. कागदाला एक चीर गेली नव्हती.

ती त्याच्या शेजारी बसली. दोघंही त्या उरलेल्या पाण्याकडं बघत राहिले.

“सगळ्या झाडायला एकदाच पुरंल,” ती म्हणाली. “थोड्याच ओळी ठेवल्या, तर तेवढ्यांना उन्हाळ्यात बराच दम निघंल. बाकीच्या सोडून द्याव्या लागतील.”

सत्यम सोललेल्या खांद्याला चिकटलेला शर्ट सोडवत होता.

“तूच जा. कोणत्या ओळी सोडायच्या तेवढे कॉक बंद करून ये. मंग म्या पंप लावते. तुला तर समदीच सोडायची व्हती. तुला सोपं जाईल.”

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिच्यात टोमणे मारायची ताकदच उरली नव्हती. तिला एवढंच वाटत होतं की हे काम कुणीतरी करावं आणि ते आपण नसावं.

सत्यम उठला. बागेत प्रत्येक ओळीच्या तोंडाशी ठिबकच्या नळीला एक काळा कॉक असतो. तो आडवा फिरवला की त्या ओळीचं पाणी बंद. तो पहिल्या ओळीपाशी वाकला. कॉकवर हात ठेवला. थोडा वेळ तसाच राहिला, मग उठून दुसऱ्या ओळीपाशी गेला. तिथंही वाकला. एका झाडाची खालची फांदी उचलून त्यानं बोराएवढी फळं बघितली आणि फांदी परत हळूच सोडली. पुढं गेला. आवडाबाई काठावरून बघत होती. संधिप्रकाशात त्याचं वाकणं आणि उठणं तेवढं दिसत होतं. काही ओळींपाशी तो जास्त वेळ थांबला, काहींपाशी कमी. शेवटच्या ओळीपर्यंत गेला, आणि परत आला तो चोरी करून आल्यासारखा खाली मान घालून.

“किती केल्या?” तिनं विचारलं.

“नाय केल्या.”

“एक बी?”

“नाय.” तो तिच्याकडं न बघता म्हणाला. “माय, वाळली तर वाळू दे. पर माझ्या हातानं नाय बंद होणार. त्या प्लॉटिंगवाल्याला उद्या फोन करून नाय म्हणून सांगतो.”

दिवसभरात जे रडू तिनं धुराच्या नावावर खपवलं होतं, त्याला आता धुराचाही आडोसा नव्हता. तिनं ते येऊ दिलं.

“आन् पाणी कुठून आणायचं?” तिनं नाक पुसत विचारलं.

“ते उद्या बघू. आज तर एक डाव पिऊ दे समद्यांना.”

त्यानं पेट्रोलचा छोटा पंप उचलून काठावर आणला, दोरी ओढली. दोनदा ओढून लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. नळ्यांमधून आधी नुसतीच हवा फुसफुसली, मग एकेका झाडाखाली थेंब पडू लागले. सगळ्याच ओळींत पडू लागले. आवडाबाईनं काखेतली पांढरी चादर काढली, तिची घडी मोडली आणि ती त्याच्या ओल्या खांद्यांवर टाकली.